घारापुरीला दिवाळीचे बारा पाहुणे: पाणी, होडी, फराळ, वीज. तयारी कशी करायची?

खाडीपलीकडे

सासर घारापुरीचं (एलिफंटा बेट), मोराबंदर. आम्ही एरवी सीवूड्सला, नवी मुंबईत. यंदा नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी नणंदा, त्यांची मुलं आणि दोन आत्या मिळून बारा जण बेटावर येतायत, भाऊबीजेला परत. घरचे पाच धरून सतरा पानं, चार रात्री.

घरात काय आहे: वर १००० लिटरची टाकी, खाली २०० लिटरचे दोन ड्रम, विहीर (थोडी मचूळ), अर्धा हॉर्सपॉवरचा पंप, एक संडास, बाहेर न्हाणीघर, दोन शेगड्यांचा गॅस, अंगणात चूल, १५० एएचची एक बॅटरी आणि इन्व्हर्टर.

शहरात असतं तर "ये रे, बघू" म्हटलं असतं. इथे राहिलेली वस्तू आणायला खाली उतरून वाण्याकडे जाता येत नाही. ज्यांना बेटाची किंवा खाडीकाठची माहिती आहे त्यांनी आकड्यांसकट सांगा. "सगळं छान होईल" नको. :)

मचवा

आधी होडीचं ठरवा, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

दिवाळी म्हणजे अमावास्या, म्हणजे उधाण. आपल्याकडे भरतीची वेळ काढायची जुनी रीत म्हणजे तिथीची पाऊणपट. तिथीला पाऊणने गुणा, जेवढे तास येतील त्या सुमाराला भरती पूर्ण. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच.

चतुर्दशी: १४ ची पाऊणपट साडेदहा. अमावास्या: सव्वाअकरा. भाऊबीज, द्वितीया: दीड. म्हणजे त्या चारही दिवसांत भरती दुपारच्या आगेमागे आणि सुकती (पुरी ओहोटी) सकाळ-संध्याकाळ. लोक नेमके सकाळी सहाला नाहीतर ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी सहाला निघायचं म्हणतात. त्या वेळी काठाला नुसता गाळ.

निवटी

मचवादादा, पाऊणपटीत एक गोम आहे. अमावास्येला सव्वाअकरा आणि प्रतिपदेला पाऊण? एका दिवसात दीड तास कसा सरकेल? रोज साधारण ५० मिनिटंच सरकतं.

१५ तिथ्यांत १२ तास पुरे व्हायला हवेत, म्हणजे तिथीला ४८ मिनिटं. पाऊणपटीत ४५ धरतात. तीन मिनिटांची चूक साठत साठत अमावास्या-पौर्णिमेपर्यंत पाऊण तास होते. पंधरवड्याच्या सुरुवातीला पाऊणपट चालते, शेवटाला ४८ ने गुणा:

चतुर्दशी ११.१२, अमावास्या १२.००, प्रतिपदा १२.४८, द्वितीया १.३६.

पडताळा हवा तर २६ जून २०२५ घ्या. आषाढ शुद्ध प्रतिपदा होती. मुंबईच्या तक्त्यात भरती दुपारी १२.५५ ला, ४.७५ मीटर. हिशेबाने १२.४८ येते. सात मिनिटांचा फरक, तोंडी हिशेबाला पुष्कळ झालं. तिथी दिवसाच्या मध्येच बदलते, तेव्हा अर्धा तास इकडेतिकडे धराच, आणि नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून घ्या.

अजून एक. सगळ्यात मोठं उधाण अमावास्येलाच असतं असं नाही, एक-दोन दिवस पुढे येतं. म्हणजे पाडवा-भाऊबीज. भरती जेवढी वर, ओहोटीही तेवढीच खाली. परतीच्या दिवशी जास्त जपायचं.

मचवा

बरोबर. म्हाताऱ्यांची पाऊणपट तोंडावर बसली आहे, शेवटच्या तिथ्यांना तेही "जरा पुढं धर" म्हणतातच. ४८ लिहून ठेवतो.

तर मग हिशेब असा. भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास, एवढ्यात माणसं चढवा-उतरवा. यायच्या दिवशी, म्हणजे त्रयोदशीला भरती साडेदहाच्या सुमाराला, तर साडेआठ ते साडेबारा. भाऊबीजेला साडेअकरा ते साडेतीन. त्यातही तीनच्या आधी निघालात तर बरं. सकाळी मतलई (जमिनीकडचा) वारा असतो, पाणी निवांत. दुपारनंतर खारा वारा सुटला की लाटा चोपायला लागतात आणि लहान मुलं ओकतात.

सामान माणसांबरोबर आणू नका. आदल्या दिवशी भरतीला एक खेप फक्त सामानाची करा. भरलेलं सिलेंडर १४.२ किलो गॅस आणि तेवढंच लोखंड, मिळून तीस किलोच्या घरात. ते फळीवरून न्यायचं म्हणजे फळी सपाट असताना. ओहोटीला होडी खाली बसते, फळीला चढ येतो आणि तीस किलो घेऊन शेवाळावर पाय ठेवायचा. सिलेंडर उभंच ठेवा, टोपी लावून, काथ्याने खांबाला बांधून. तांदूळ, पीठ, साखर पिशवीत नको. झाकणाचा प्लास्टिकचा ड्रम घ्या, झाकणाखाली प्लास्टिक, वर दोरी. होडीच्या तळाशी पाणी असतंच.

उलवे_नोड

पाहुण्यांना पत्ता सांगताना "मोरा" म्हणू नका!! भाऊच्या धक्क्यावर "मोरा" म्हटलं की उरणच्या मोऱ्याची लाँच दाखवतात. घारापुरीचं मोराबंदर वेगळं. मुंबईकडून येणाऱ्यांना "गेटवेवरून एलिफंटाची लाँच, शेतबंदरला उतरा" एवढंच लिहून पाठवा. नवी मुंबई-पनवेलकडचे असतील तर न्हावा. अंतरही कमी पडतं.

आणि सोमवारी लेणी बंद, त्यामुळे गेटवेहून पर्यटकांच्या लाँचा नसतात. तुमचा एखादा दिवस सोमवारी येतोय का ते कॅलेंडरवर बघा. डिसेंबर २०२४ च्या अपघातानंतर लाइफ जॅकेट घालायला लावतात. मुलांच्या मापाचं मिळेलच असं नाही, तुमची खाजगी होडी ठरवाल तर आधी विचारून घ्या.

खाडीपलीकडे

मोऱ्याचं बरं सांगितलंत, एक आत्या डोंबिवलीहून भाऊच्या धक्क्यालाच जाणार होत्या.

पाण्याचं काय? सतरा जणांना १००० लिटर पुरेल का?

पागोळी

रोज भरलीत तर पुरेल, एकदा भरून चार दिवस नाही. हिशेब मांडते, माणशी रोजचा:

पिणं ३ ते ४ लिटर, स्वयंपाक-भांडी १० लिटर, आंघोळ २० लिटर (बादली आणि तांब्या. शॉवर काढून ठेवा, खरंच काढून ठेवा), संडास १५ लिटर. म्हणजे ४८-४९. सतरा जणांचे आठशेच्या वर. कपडे यात धरले नाहीत, चार दिवस धुवायचे नाहीत, ओले टॉवेल तेवढे वाळवायचे.

यातला संडासाचा भाग (१७ × १५ = २५५ लिटर) टाकीतून घेऊच नका. संडासाजवळ एक २०० चा ड्रम आणि दोन बादल्या ठेवा, त्यात मचूळ विहिरीचं पाणी. टाकीवर साडेपाचशे-सहाशेचाच भार राहील. समुद्राचं पाणी मात्र संडासात ओतू नका. भांड्यांचा पहिला हात समुद्राच्या पाण्याने उरकायचा विचार असेल तर साबणाला फेस येत नाही आणि पितळेला हिरवं धरतं. मासे धुवायला ठीक.

विहिरीच्या पाण्याला ब्लिचिंग पावडर: १००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा. थेट टाकीत भिरकावायची नाही. मगभर पाण्यात कालवा, दहा मिनिटं ठेवा, चुना खाली बसला की वरचं निवळ तेवढंच टाकीत घाला. निदान एक तास नळ उघडू नका. पावडर उघड्या डब्यात पावसाळाभर पडून राहिलेली असेल तर तिच्यात क्लोरीन उरलेलं नसतं. वास नाही तर गुण नाही, नवीन आणा. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्च होतं.

पिण्याचं तरीही उकळा. पाहुण्यांची पोटं शहरातली. बुडबुडे फुटायला लागल्यावर एक मिनिट, आणि थंड करायचं भांडं झाकलेलं.

टाकीच्या झाकणाला तार बांधलेली आहे ना? माकडं.

फ्यूज_वायर

पंपाबद्दल: अर्धा एचपीचा सिंगल फेज पंप संध्याकाळी सातला लावू नका. सगळं गाव दिवे, मिक्सर, टीव्ही लावून बसलेलं असतं, लाइनच्या शेवटच्या घरांना व्होल्टेज कमी पडतं. मोटर फिरायच्या ऐवजी गुणगुणते. गुणगुणणारी मोटर पाच मिनिटं तशीच ठेवली तर वाइंडिंग गेलं. आणि दिवाळीत बेटावर रिवाइंडिंगवाला कुठून आणणार? दुपारी दोन ते चार टाकी भरायची. दुपारच्या उधाणाच्या भरतीला काठाजवळच्या विहिरीचं पाणी जास्त खारट लागत असेल तर मात्र सकाळी सहा-सातला भरा. चव घेऊन ठरवा.

आता नरक चतुर्दशीची पहाट, कारण सगळे फ्यूज तेव्हाच उडतात.

१५०० वॅटचा रॉड २० लिटरची बादली २६ अंशांवरून ६० वर न्यायला साधारण ३२ मिनिटं घेतो. त्यात तेवढंच गार पाणी मिसळलं की ४३ अंश, म्हणजे एका गरम बादलीत दोघांची आंघोळ. सतरा जणांना नऊ बादल्या. ९ × ३२ मिनिटं, पावणेपाच तास. सूर्योदयाआधी सगळ्यांना न्हाऊ घालायचं तर रॉड मध्यरात्री दीडला लावावा लागेल.

"मग दोन रॉड लावू" म्हणाल. १० अँपिअरचा एमसीबी २३०० वॅटला भरतो. एक रॉड १५००, चटणीला मिक्सर ७५०, फ्रिज १५०, झाले २४००. एवढ्याशा जादा भाराला लगेच पडत नाही, पडलाच तर तापून बऱ्याच वेळाने पडतो, म्हणून लोकांना वाटतं की लाइट गेली. दुसरा रॉड तर नाहीच. आणि कृपया १० चा काढून १६ चा बसवू नका. भिंतीतली वायर तीच राहते आणि मग एमसीबीच्या ऐवजी वायर तापते.

बंबवाली

यासाठीच देवाने बंब दिला. तीस लिटरचा तांब्याचा बंब, खाली नारळाची करवंटी आणि सुकी झावळी. एकदा पेटला की वर गार ओतत राहायचं, खालून तोटीने गरम. अंगणातल्या चुलीवर चाळीस लिटरचं मोठं तपेलं. रॉड फक्त म्हाताऱ्यांसाठी आणि तान्ह्यासाठी, घरात.

पेटवायचं पावणेचारला. लाकूड आदल्या रात्री छपराखाली घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दव पडतं आणि बेटावरच्या लाकडाला खारी ओल धरते, पहाटे नुसता धूर. पहिला अर्धा तास करवंट्यांवरच काढायचा, लाकूड तेवढ्यात वाळतं.

बंब वर्षभर पडून असेल तर आत पाणी भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी बुड बघा. झाळ सुटली असेल तर आताच कल्हईवाल्याकडे नाहीतर पनवेलच्या तांबटाकडे, वसुबारसेला नाही.

उटणं माणशी दोन चमचे. दुधात कालवलेलं उटणं न्हाणीच्या मोरीत साचतं आणि मुंग्या येतात, तेलात कालवा.

खाडीपलीकडे

बंब आहे, माळ्यावर. बघते.

आता फराळ. सासूबाईंचं म्हणणं की चकल्या इथे सादळतातच, सीवूड्सहून करून आण. करून नेऊ की तिथे करू? आणि माकडं.

निवटी

वाळवण-फराळ गच्चीत उघडा ठेवायचा नाही, एवढाच माकडांचा नियम. जाळी घातली तरी जाळी उचलतात. डबा उघडता येतो त्यांना, फिरकीचं झाकण नाही येत. धक्क्यावर प्लास्टिकची पिशवी हातात धरून उतरलं की खाऊच आहे असं धरून चालतात, म्हणून खाण्याचं सगळं चेनच्या बॅगेत किंवा ड्रममध्ये. मुलांना सांगून ठेवा, ओढायला लागलं तर पिशवी सोडायची, खेचाखेची नाही. ओरबाडलं तर साबणाने पंधरा मिनिटं धुऊन रेबीजच्या इंजेक्शनला त्याच दिवशी पलीकडे जायचं.

बंबवाली

चकली तिथेच करा, फक्त वेळ साधा. सादळते ती समुद्राने नाही, दुपारच्या वाऱ्याने. सकाळी वारा जमिनीकडून येतो, कोरडा. दुपारी समुद्राकडून फिरला की हवा ओलसर. सकाळी सातला तळायला बसा, अकराला डबा बंद. चार वाजता तळलेल्या चकल्या परातीत गार होईपर्यंत हवेतली ओल ओढून घेतात, मग डबा कितीही घट्ट असो.

प्रमाण: तांदूळ ४ वाट्या, हरभरा डाळ २, उडीद डाळ १, मूग डाळ अर्धी, धणे पाव वाटी, जिरं दोन चमचे. तांदूळ-डाळी धुऊन सावलीत पूर्ण वाळवून, एकेक वेगळं मंद आचेवर भाजून दळून आणा. भाजणी मात्र सीवूड्सहून दळूनच न्या. दर ४ वाट्या पिठाला पाव वाटी कडकडीत तेल आणि जवळजवळ पिठाइतकंच, म्हणजे चार वाट्या उकळतं पाणी. त्यातलं अर्धी वाटी राखून ठेवा, लागलं तर घाला. तिखट, मीठ, तीळ, ओवा पाण्यात. झाकून अर्धा तास, मग मळा.

चकली तेलात उसवली, विरघळली तर मोहन जास्त झालंय. कोरडी भाजणी मूठभर मळून घ्या. कडक, दगड झाली तर मोहन कमी. सोऱ्यातून पडताना तुटत असेल तर पीठ कोरडं, पाण्याचा हात लावा. बाहेरून लाल आणि आत मऊ तर आच मोठी होती. तेलातले बुडबुडे जवळजवळ थांबले की काढायची, रंगावर जाऊ नका.

डबा स्टीलचा, तळाशी वाटीभर भाजलेले तांदूळ मलमलच्या पुरचुंडीत, ओल ते ओढतात. खायला रोज मोठा डबा उघडायचा नाही. चार छोटे डबे, दिवसाला एक.

करंजी ओल्या नारळाची केलीत तर दुसऱ्या दिवशी संपवायची. चार दिवस ठेवायच्या तर सुकं खोबरं, खसखस, रवा भाजून.

उलवे_नोड

बेटावर जाताय आणि फराळावर चर्चा! मासळी बोला की. पोपटी (मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा) लावणार का अंगणात?

मचवा

पोपटी दिवाळीत? वालाच्या शेंगा भरायला थंडी पडावी लागते. डिसेंबर उलटल्याशिवाय मडकं काढू नका. ऑक्टोबरात मडक्यात लावायचा पाला, भांबुर्डा, तेवढा मिळेल, त्यात काय घालणार, बटाटे?

मासळीचं: लक्ष्मीपूजनापर्यंत बहुतेक घरी शाकाहारीच. पाडव्यापासून मोकळं. आणि जुळतंही बरोबर, कारण उधाणाला पाण्याला ओढ असते तेव्हा डोलीच्या जाळ्याला मासळी लागते. भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला) पाणी मेलेलं. पाडव्याला कोलंबी, मांदेली, बोंबील मिळायला हरकत नाही. जिताडा हवा असेल तर आठवडाभर आधी सांगून ठेवा, दिवाळीत त्याचा भाव विचारायची सोय नसते. चिंबोऱ्या अमावास्येच्या सुमाराला भरलेल्या असतात असं आपल्याकडे म्हणतात. म्हटलेलं सोडा, हातात घेऊन बघा. मापाच्या मानाने जड लागली तर भरलेली, पोट दाबून दबलं तर पोकळ. नांगे बांधूनच घ्या आणि ओल्या गोणपाटात सावलीत ठेवा. बादलीभर पाण्यात ठेवल्या तर गुदमरून मरतात. मेलेली चिंबोरी फेकायची, रश्शात नाही टाकायची.

पलीकडून मासे आणणार असाल तर बर्फ किलोला किलो, थर्माकोलच्या खोक्यात बर्फ-मासे-बर्फ असे थर, आणि खोक्याला खाली भोक. वितळलेल्या पाण्यात बसलेला मासा लवकर उतरतो.

पागोळी

सतरा पानांसाठी, एका जेवणाला: भाकरी असताना तांदूळ दीड ते पावणेदोन किलो, तांदळाचं पीठ किलोला बारा-एक भाकऱ्या, म्हणजे अडीच ते तीन किलो. कोलंबी सोलायच्या आधी तीन किलो घ्या, निम्म्याहून जरा जास्त हाती लागते. नारळ रोज पाच, ते बेटावर मिळतील. कांदे-बटाटे-लसूण पलीकडून, पालेभाजी दोनच दिवसांची. गॅस भरलेला एक आणि चालू एक, सतरा जणांना चार दिवस पुरून उरतो. पण फराळ तळून झाल्यावर चालू सिलेंडर किती उरलाय ते आधीच उचलून बघा. रिकाम्याचं वजन वरच्या कड्यावर लिहिलेलं असतं.

संडासाची टाकी कधी उपसली होती?

खाडीपलीकडे

आठवत नाही कोणाला. पाच-सहा वर्षं?

पागोळी

मग ते पाहुण्यांच्या आधी बघाच. पाच जणांच्या टाकीवर सतरा जण आले की साठलेला गाळ ढवळून शोषखड्ड्यात जातो आणि तो चोंदतो. झाकण उघडून (उघडल्यावर दहा मिनिटं लांब उभं राहा, वाकून बघू नका, जवळ विडी-काडी नको) बांबू घालून गाळाची उंची मोजा. पाण्याच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा गाळ जास्त तर उपसायला हवी. यंत्राचा टँकर बेटावर येत नाही, तेव्हा उपसणं जमणार नसेल तर भार तरी वाटून घ्या. शेजारच्या घरी दोन कुटुंबांची सोय करा.

आणि भरती. घर काठाजवळ सखल असेल तर उधाणाच्या भरतीला जमिनीतलं पाणी वर येतं आणि शोषखड्डा पाणी घेत नाही. दुपारी बारा ते दोन भांडं सावकाश उतरतंय, गुळगुळ आवाज येतोय, म्हणजे तुंबलंय असं समजून ॲसिड ओतू नका. त्याने टाकीतले जिवाणू मरतात आणि मग खरंच तुंबतं. दोन तास थांबा, पाणी उतरलं की मोकळं होतं. आंघोळीचं पाणी त्या टाकीत जात असेल तर ते वेगळं काढा, झाडांना.

फ्यूज_वायर

दिव्यांचं राहिलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल आली त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर, तेवढीच वीज. आता पाहुणे धरूनच चालतात की वीज आहे. असतेही. पण गेली तर तुमची १५० एएचची बॅटरी म्हणजे १२ व्होल्टला १८०० वॅट-तास, त्यातले बाराशे हाती लागतात असं धरा. तीन पंखे (७५ चे) आणि ९ वॅटचे पाच दिवे, एकूण २७०. साडेचार तास. फ्रिज त्यावर टाकू नका. बॅटरीचं पाणी आता बघा आणि टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुऊन व्हॅसलिन लावा.

आकाशकंदील: कागदाचा खाऱ्या वाऱ्यात दोन रात्री टिकतो. कापडाचा किंवा बांबूच्या कामट्यांचा घ्या, तळाला दोन दोऱ्या ताणून बांधा. होल्डर प्लास्टिकचा, पितळी नको. वायर होल्डरकडे वरून सरळ उतरवू नका. होल्डरच्या खालपर्यंत झोका देऊन मग वर घ्या, म्हणजे दव झोक्याच्या टोकाला गळतं, होल्डरमध्ये शिरत नाही. अर्थिंगचा ट्रिप (आरसीसीबी) पहाटे आपोआप पडत असेल तर नव्वद टक्के वेळा बाहेरच्या माळेतच ओल असते. आधी ती काढून बघा, मग घरातलं तपासा.

माळेची पिन सॉकेटमध्ये घालण्याआधी पॉलिशपेपरने घासा. खाऱ्या हवेत पिनेवर थर चढतो, सांधा सैल बसतो, सॉकेट तपकिरी पडतं.

निवटी

किरकोळ पण विसरलं जाणारं:

मच्छरदाण्या माणसांइतक्या न्या. तिवरांच्या बाजूला संध्याकाळी सहा ते आठ डास कडक, कॉइल वाऱ्याला टिकत नाही. पावसानंतरचं गवत संडासाच्या वाटेवर कापून घ्या आणि तिथे रात्रभर एक दिवा. चप्पल झटकून घालायची.

औषधं: ओआरएस दहा पाकिटं, पॅरासिटामॉल, उलटीची गोळी (होडीत बसायच्या अर्धा तास आधी), भाजल्याचं मलम, आणि आत्यांची रोजची औषधं दोन दिवस जादा. रात्री कोणाला न्यायची वेळ आली तर कोणाची होडी निघेल ते आधी विचारून, नंबर भिंतीवर लिहून ठेवा. १०८ ची गाडी पलीकडच्या धक्क्यावर बोलवायची, ती बेटावर येणार नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सुकती आहे हे त्या होडीच्या तांडेलालाही माहीत आहे, त्याला विचारा की त्या वेळी कुठून चढवता येईल.

कचरा: गाडी येत नाही. ओला खड्ड्यात, वर माती. कोरडा पोत्यात, आणि पोतं परतीच्या होडीत पाहुण्यांबरोबर. कोलंबीची सालं खड्ड्यात टाकलीत तर वीतभर माती टाका, नाहीतर कुत्री रात्रीतून अंगणात आणतात.

उलवे_नोड

पाहुण्यांचे मित्र-बित्र "आम्ही पण येतो राहायला" म्हणतील. पर्यटकांना बेटावर रात्री मुक्काम करता येत नाही, घरचे पाहुणे ही गोष्ट वेगळी. आधीच सांगा, नाहीतर संध्याकाळच्या शेवटच्या लाँचपाशी वाद.

खाडीपलीकडे

सगळ्यांचे आभार. कागदावर उतरवून घेतलं ते असं: या रविवारी बंबाचं बुड आणि संडासाची टाकी. पुढच्या आठवड्यात भाजणी दळून, ब्लिचिंग पावडर नवी, मच्छरदाण्या. द्वादशीला भरतीला सामानाची होडी, ४८ ने गुणून ९.३६, म्हणजे साडेसातपासून साडेअकरापर्यंत. त्रयोदशीला माणसं. चकल्या द्वादशीला जमणार नाहीत, सकाळ सामानात जाईल. म्हणून सासूबाई एकादशीला सकाळीच बसतील.

एक शंका. सामान एकादशीलाच न्यायचं ठरवलं तर भरती ८.४८ ला, म्हणजे न्हाव्याला सकाळी सातला पोचायला हवं. सीवूड्सहून सिलेंडर, ड्रम आणि भाजणी घेऊन एवढ्या पहाटे टेम्पो मिळेल का?

मचवा

मिळेल, आदल्या रात्री भरून ठेवायला सांगा. पण भाजणी टेम्पोत घालू नका, ती दशमीलाच कोणाच्या तरी हाती पुढे पाठवा. तुम्ही धक्क्याला लागेपर्यंत सासूबाईंचा सोऱ्या चालू झालेला असेल.

बंबवाली

आणि सोऱ्याची चकलीची ताटली आहे ना घरात? शेवेची असते, चकलीचीच नेमकी हरवलेली असते. आजच विचारा.

खाडीपलीकडे

विचारलं. हरवली आहे.